बोकडाची लाळ

बंदरावर सगळे त्याला भोंगा म्हणत. जहाजात चढण्याआधी शेळ्यामेंढ्या तपासणीसाठी वेगळ्या ठेवायच्या, त्या पत्र्याच्या गोठ्याचा तो राखणदार. हात कामात आणि तोंड गप्पांत. दोन्हींना उसंत नाही.

त्या साली नदीपलीकडं लाळ्या-खुरकूत आला. जनावराच्या तोंडातून लाळ, जिभेवर फोड, खुरांत जखमा. परदेशी व्यापाऱ्यांनी नदी अलीकडची का पलीकडची असलं काही बघितलं नाही, सरसकट खरेदी बंद. बाहेर जाणारा माल इथल्याच बाजारात येऊन पडला आणि मटणाचा भाव आपटला. माणसाला हा आजार लागत नाही म्हणून खाटीक घसा फोडत होते, अन् गिऱ्हाईक भाजी घेऊन घरी चाललं होतं.

शेवटी एक व्यापारी तयार झाला. अट एकच: गोठ्यात एक जरी जनावर आजारी निघालं, तर सगळीच मारून पुरायची.

सकाळी ऑफिसातल्या बाईंनी फोनवर विचारलं, "काय म्हणतायत पाहुणे?"

"मजेत आहेत, ताई. काळा बोकड तेवढा लाळ गाळतोय. चाऱ्यात लक्षच नाही बघा त्याचं!"

'शेजारच्या कप्प्यातल्या शेळ्या बघून' हे शब्द ओठांवर होते, तोवर फोन कट.

घटकाभरात फाटकाला कुलूप लागलं. मागच्या माळावर खड्डा खणायला जेसीबी येऊन उभा राहिला. डबा घेऊन आलेली बायको जाळीबाहेरूनच म्हणाली, "बोकडाचं राहू द्या, आधी तुमचं तोंड बांधायला पाहिजे!"

पांढऱ्या पोशाखात जनावरांचे डॉक्टर आले. "कुठाय लाळ?"

"साहेब, ती तसली लाळ नव्हे."

"लाळेत असली-तसली काय असतं?"

"मनातली हो, साहेब! तिकडं शेळ्या आहेत ना..."

डॉक्टर हसले नाहीत. बोकडाचा जबडा उघडून जीभ, हिरड्या बघितल्या, खूर चाचपले, नमुना घेतला. "बोकड माजावर आलाय, हे मलाही दिसतंय. पण नुसत्या माझ्या नजरेवर जहाज सुटत नाही."

नमुना गेला. भोंगा जाळीला टेकून बसला. जेसीबीवाला बिडी ओढत होता, त्याच्याकडं बघवेना. गोठ्यातली सगळी आपली गुमान रवंथ करत होती, आणि काळा बोकड अजूनही जीभ लपलपवत पलीकडं मान लांब करत होता. "अरे, पूस की रे ते तोंड!" भोंगा कळवळून म्हणाला.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर फोन कानाला लावूनच ऑफिसातून बाहेर आले. "काही नाही. सगळी धडधाकट. सोडा."

मग मात्र ते खदखदून हसले. "यापुढं कोणी प्रेमात पडलं तर सरळ तसं सांगत जा, बाबा."

फाटक उघडलं. कळप खुरांचा ताशा वाजवत जहाजाकडं निघाला. भोंगा तिथंच बादली पालथी घालून बसला. बायकोनं डबा उघडून पुढं सरकवला.

"खा आता. अन् हे काय, डोळ्यांतनं पाणी?"

"घाम आहे गं," भोंगा म्हणाला आणि घास तोंडात कोंबला.