रेडिओ गप्प झाला तेव्हा

त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण स्टिअरिंगवर बसला की त्याचं तोंड बंद नसे. गाणी नव्हेत की गप्पा नव्हेत. समोर जे दिसेल ते तो मोठ्याने बोलायचा. "डावीकडे सायकलवाला. पुढे बस, थांबणार. शाळा सुटलेली दिसतेय, हळू." केबिनमध्ये ऐकायला कुणीही नसताना.

ज्या उस्तादाच्या हाताखाली तो ट्रक शिकला, त्याने ही सवय लावली होती. उस्तादाचं म्हणणं असं, की झोप डोळ्याला फसवते. उघड्या डोळ्यांनी माणूस पेंगतो आणि आपण जागेच आहोत असं समजतो. पण पेंगणाऱ्याचं तोंड चालत नाही. तेव्हा तोंड थांबलं की गाडी थांबवायची, वाद घालायचा नाही.

सवय इतकी मुरली की घरातही तो ओट्याकडे जाताना "उजवीकडे बादली" असं पुटपुटायचा. बायको म्हणायची, "अहो, हे स्वयंपाकघर आहे, चौक नाही."

कंपनीच्या आवारात त्याची टिंगल व्हायची. सगळ्यात जास्त करायचा तो विमान. विमान हा तरणाबांड ड्रायव्हर, प्रत्येक खेपेला सगळ्यांच्या आधी परत येणारा, म्हणून हे नाव आणि म्हणूनच मॅनेजरचा लाडका. त्याच्या गाडीचे ब्रेक इतके जळलेले असायचे की मेकॅनिक म्हणे, "ह्याच्या गाडीची मी दुरुस्ती करत नाही, पुनर्जन्म करतो." हाच विमान रेडिओला विचारायचा, "काय रेडिओभाऊ, आख्खा रस्ता पाठ करताय, परीक्षेला बसायचंय का?"

"बसलोयच," रेडिओ म्हणायचा. "रोज पास होतोय म्हणून तुला दिसतोय."

यंदा कंपनीने सुरक्षा सप्ताह पाळायचं ठरवलं. आवारात फलक लागले. 'घाई टाळा' हा फलक घाईघाईत उलटा लागला होता, तो दुसऱ्या दिवशी सरळ केला. शेवटच्या दिवशी कार्यक्रम, बाहेरून प्रमुख पाहुणे, आणि त्यांच्या हस्ते सर्वात सुरक्षित चालकाचा सत्कार. त्या चालकालाच पुढे सुरक्षा प्रशिक्षक नेमायचं होतं. म्हणजे आवारातली नोकरी. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. आयुष्यात एक ओरखडाही न काढलेला ड्रायव्हर कंपनीत एकच होता, त्यामुळे मॅनेजरला फार विचार करावा लागला नाही.

रेडिओपेक्षा त्याच्या बायकोला ही जागा जास्त हवी होती. संसार झाला, मुलगी लग्न होऊन गेली, पण संध्याकाळचं जेवण ती आजवर एकटीच जेवत आली होती. बातमी कळल्यापासून तिने रोज दोघांचा स्वयंपाक करायला सुरुवात केली. "आत्तापासून हात बसलेला बरा," असं तिचं म्हणणं. उरलेलं ती सकाळी खायची.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मॅनेजरने रेडिओलाच लांबच्या खेपेला धाडलं. काचेचा माल होता. "तुमच्याशिवाय कुणावर भरवसा नाही हो," मॅनेजर म्हणाला. "उद्या चारला कार्यक्रम आहे. माल उतरवा आणि तडक या."

माल वेळेवर पोचला, पण उतरेना. क्रेनवाला सकाळी उगवलाच नाही. उगवला तेव्हा त्याला आधी चहा हवा होता. काच म्हटल्यावर त्याला घाई कर असं म्हणायची रेडिओची टाप नव्हती. रात्रीही रेडिओची नीट झोप झाली नव्हती, कारण गोदामाचा कुत्रा त्याच्याच टायरशी भुंकत बसला होता. निघेपर्यंत सूर्य चांगला वर आला.

रिकामा ट्रक परतीला लागला. रिकामी गाडी पळायला हलकी वाटते आणि ब्रेकला जड जाते. मागची चाकं रस्ता धरत नाहीत, जोरात दाबलं की घसरतात. म्हणून रेडिओ रिकाम्या गाडीत जास्तच बोलायचा. "पुढे ट्रॅक्टर, दिवा नाही. उतार आला, गिअर खाली." तेवढ्यात फोन वाजला. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, हा नियम. त्याने बरीचशी मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली, मागचे दिवे लुकलुकते ठेवले, आणि फोन उचलला.

"कुठे आहात?" मॅनेजर.

"रस्त्यात, साहेब."

"फोन का उचलत नव्हतात?"

"चालवत होतो."

"मग आता का थांबलात? मला इथे पडद्यावर दिसतंय, गाडी उभी आहे!"

"तुमचा फोन घ्यायला थांबलोय, साहेब."

"अहो, थांबू नका! सुरक्षेचा कार्यक्रम आहे, उशीर करून कसं चालेल?"

असे फोन येत राहिले आणि प्रत्येक फोनला रेडिओ थांबत राहिला. शेवटी मॅनेजर म्हणाला, "जरा दाबा की. रोज कोण सांगतंय? आजचा दिवस." रेडिओने फोन खिशात टाकला आणि खरोखरच जरा दाबलं. वेळेचा हिशेब अजून जुळत होता. सरळ गेलं तर तो पाहुण्यांच्या भाषणापर्यंत नक्की पोचत होता. संध्याकाळी घरी बायको दारात उभी असेल, हेही डोळ्यांसमोर यायला लागलं. "डावीकडे दुधाची गाडी. पुढे वळण." ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं, इंजिनचा आवाज एका सुरात लागला होता.

मग त्याला आरशात पूल दिसला.

मागे पडलेला पूल. लांबलचक, दोन्ही बाजूंना कठडा असलेला. त्या पुलावरून तो आत्ता आला होता, आणि तो पूल त्याच्या तोंडून निघालाच नव्हता. पुलावर समोरून काय आलं, कोण चालत होतं, काहीसुद्धा आठवेना.

"झाला की पार," तो स्वतःशी म्हणाला. "आता जाग आली. आता काही होत नाही." आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, की हे तो रस्त्याबद्दल बोलत नव्हता. हा चक्क वाद होता.

पुढे ट्रक उभे करायची जागा होती. त्याने गाडी आत घेतली, हँडब्रेक ओढला, चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि बायकोला फोन लावला.

"मी झोपतोय."

"काय?"

"तोंड थांबलं होतं. पूल बोललोच नाही."

तिचा आवाज चढला. "अहो, आख्ख्या जन्मात आजचाच दिवस सापडला का झोपायला? तोंडावर पाणी मारा. चहा घ्या."

"त्याने तोंड ओलं होतं, झोप जात नाही."

"मग नवरा म्हणून तुमचा उपयोग काय?" ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, त्याच रागात, "काचा खाली करून झोपा. कोंडून घेऊ नका."

तो झोपला. खिशातला फोन त्याच्या मांडीवर थरथरत राहिला, पण ती झोप असल्या थरथरीने मोडणारी नव्हती.

तो पोचला तेव्हा आवारात खुर्च्या एकात एक घालून रचल्या जात होत्या. मॅनेजर फाटकातच भेटला.

"विमानला दिलं," तो म्हणाला. "काय करणार? पाहुण्यांना पुढे जायचं होतं. फोटोत ड्रायव्हर तर हवा. तो वेळेत हजर होता."

"मला झोप येत होती, साहेब. विश्रांतीचा नियम..."

"हळू बोला," मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं. "आपल्या ड्रायव्हरला गाडीत झोप येते असं बाहेर कळलं तर कंपनीचं काय राहील?"

विमान मेकॅनिकच्या खोलीमागे उभा होता. त्याच्या हातातल्या चषकावर 'संयम हेच सामर्थ्य' असं कोरलेलं होतं. "रेडिओभाऊ, आईशप्पथ, मला वाटलं गाडी बाजूला घ्यायला बोलावतायत," तो म्हणाला. "वर गेलो तर फुलंच गळ्यात पडली. प्रशिक्षक म्हणून नावसुद्धा पुकारलं. आता मी शिकवू काय?"

"जे करत होतास ते सांग," रेडिओ म्हणाला. "आणि करू नका म्हण."

घरी जाईपर्यंत त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती, आणि जेवताना ती त्याने बायकोला सांगितली. "एका परीने कंपनीने बरोबरच केलं. रस्त्यावरचा सगळ्यात धोक्याचा माणूस उचलून खुर्चीवर बसवला. सुरक्षा सप्ताहात दुसरं काही एवढं कामाचं झालं नसेल."

बायको हसली नाही. विमानला घरी वाट बघणारं कुणी नाही, हे तिला माहीत होतं. एका भाड्याच्या खोलीत तो एकटा राहायचा. आजपासून त्याच्या सगळ्या संध्याकाळी मोकळ्या होत्या.

"परवा कुठे जायचंय?" तिने विचारलं.

"पुन्हा तिकडेच."

"मी येते. शेजारी बसते. जेवण तरी बरोबर होईल."

रेडिओचा घास हातातच राहिला. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. "केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला बसवायचं नाही, असा नियम आहे. प्रशिक्षकाने लेखी परवानगी दिली तरच."

"मग विचारा की. तुमचाच विमान आहे."

दुसऱ्या दिवशी रेडिओ प्रशिक्षकाच्या खोलीत गेला. विमानने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नियमांचं पुस्तक उघडून एकेका ओळीखाली बोट फिरवत तो वाचत होता. ते त्याने बहुधा पहिल्यांदाच उघडलं असावं. रेडिओचं बोलणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"रेडिओभाऊ, दुसरं काहीही सांगा," तो अगदी काकुळतीने म्हणाला. "पण हा नियम आहे हो. काल माझं नाव लागलं आणि आज मीच मोडला तर लोक काय म्हणतील? वहिनींच्या जिवाचा प्रश्न आहे."

रेडिओला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच्या बोलण्यात चूक काही काढता येईना. तो बाहेर आला आणि आवारातूनच बायकोला फोन केला.

"नाही म्हणाला."

"विमान नाही म्हणाला?"

"जिवाचा प्रश्न आहे म्हणाला. बरोबर आहे त्याचं."

"असं करा," ती म्हणाली, "त्याला सांगा, उद्यापासून संध्याकाळी इकडेच जेवायला येत जा. दोघांच्या स्वयंपाकाला हात बसलाय माझा, आणि तुमच्या जागेवर बसलाच आहे, तर पानावरही बसू दे."