लेकीकडे न जेवणारे आमचे व्याही

स्वतः उपाशी राहून दुसऱ्याचा जीव खाणारा माणूस साऱ्या विदर्भात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी व्याही म्हणून आला आहे. उमरेडचे, हातमागाच्या घरातले, आणि खाण्याचे असे शौकीन की पंगतीत बसले म्हणजे वाढपी दमतात, हे दमत नाहीत. फक्त एका घरी ते पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि ते घर माझं. कारण तिथे त्यांची लेक नांदते. लेकीला लेकरू होईस्तोवर बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, ही रीत त्यांच्या भाऊबंदांनीही कधीच सोडून दिली. यांनी मात्र ती अशी धरून ठेवली आहे की सोडली तर जणू उमरेडचे सगळे माग बंद पडतील.

नागपुरात बेसा भागातल्या आमच्या घरी ते एसटीने येतात. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि थर्मास. आम्ही आमचा चहा पितो, ते त्यांचा पितात, आणि वर मलाच, त्यांच्या बोलीत व्याह्याला इवाई म्हणत, आग्रह करतात, "घ्या ना इवाई, लाजता काहून? घर आपलंच हाय." माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून! माझ्या बायकोने पुरणपोळीपासून वडाभातापर्यंत सगळी अस्त्रं वापरून पाहिली. हे डोळे मिटून लांब श्वास घेतात, "वा विहीणबाई, काय वास हाय!" म्हणतात, आणि डब्यातली भाकर-ठेचा काढतात. वर आणखी खुलासा, "वासाले बंदी नाई." एकदा बाटली रिकामी असताना उचकी लागली, तर हे भले गृहस्थ शेजाऱ्यांकडे जाऊन पाणी पिऊन आले. तेव्हापासून शेजारच्या वहिनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहतात.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण सुनेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, डॉक्टर झाले, नवससायास झाले, आणि घरात पाळणा काही हलला नाही. बापाने डबा उघडला की ही स्वयंपाकघरात लाटलेलीच पोळी पुन्हा लाटत बसायची. आम्हाला ते दिसायचं, त्यांना दिसायचं नाही. खरं सांगतो, त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग यायचा. वाईट माणसाचा राग करून मोकळं होता येतं. भल्या माणसाचा राग करून कुठे जायचं?

गेल्या हिवाळ्यात सुनेने धरमपेठेत स्वतःचं हॉटेल काढलं. हॉटेल म्हणजे तर्री-पोह्याचं नव्हे. तिथे मेनूकार्डच नाही. त्या ऋतूत जे पिकेल तेच शिजणार, आणि एकामागून एक इवल्या इवल्या बश्यांतून येणार. प्रत्येक घासाआधी वेटर त्या घासाची जन्मकथा सांगणार, आणि जन्मकथा घासापेक्षा लांब. तर उद्घाटनाचं निमंत्रण द्यायला तिने वडिलांना फोन लावला. मी समोरच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

"बाबा, रविवारी दुपारी जेवाले या."

"हाटेल तुहंच ना वं? मंग तेबी लेकीचंच घर झालं."

 सून म्हणाली, "मंग तुमी आता माह्या हातचं कधीच नाई जेवणार का, बाबा?"

 पलीकडून फोन बंद झाला. 

रविवारी हॉटेल गच्च भरलेलं. बड्या बड्या मंडळींसमोर नखाएवढी बेसनाची पाटोडी ठेवलेली, आणि ती मंडळी तिच्याकडे देवदर्शन झाल्यासारखं पाहत बसलेली. तेवढ्यात काचेचं दार ढकलून आमचे व्याही आत आले. पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्री, आणि दोन्ही हातांत रुमालाने झाकलेली भली थोरली परात. मॅनेजर धावला.

"सर, बाहेरचे पदार्थ आत चालत नाहीत."

"बाहेरचे नाई गा बापा, आजोळचे हाय!"

आणि त्यांनी रुमाल काढला. परातीत डिंकाचे लाडू, स्वतःच्या मागावरच्या मऊ सुताची झबली-टोपडी, चांदीचे वाळे, काजळाची डबी. पहिलं लेकरू झालं की माहेरहून येतो तो सगळा बाळंतविडा! मी तर बघतच राहिलो.

"पाहून काय राहिले, इवाई?" त्यांनी साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "माह्या लेकीले लेकरू झालं ना! हे एवढं मोठं, चार भिंतीचं! आता मी इथं जेवलो तं कोणाच्या बापाची हरकत हाय?"

सून एप्रन घालून आतल्या दारात उभी होती. तिथल्या तिथे रडायला लागली. माझी बायको रडली, आणि मी चष्मा पुसला, कशाला खोटं बोलू?

मग व्याही जेवले. पाटोडी आली तशी वेटरला म्हणाले, "हे जेवण हाय का परसाद? परसादबी आमच्याकडे द्रोणभर देतेत." ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात वाटीभरही नव्हता, तो मात्र त्यांनी चवीने खाल्ला आणि वाटी बोटाने पुसून काढली. त्यानंतर त्यांच्या अंगात यजमान संचारला. प्रत्येक टेबलापाशी जाऊन, "लाजू नका, मांगून घ्या, नातवाचं बारसं हाय!" त्या हॉटेलात कोणी दुसऱ्यांदा मागत नाही, तशी पद्धतच नाही. त्या दुपारी सगळ्यांनी मागितलं. सून धावत बाहेर आली, "बाबा, इथं परत वाढत नाईत!"

"काहून?"

 तिने वाढलं.

सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "इवाई, फोनवर तिनं इचारलं तवा मले समजलं. एवढे वर्सं मी पोरीसमोर डबा उघडून राहिलो होतो. तिले काय वाटत असन?" त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात सून संत्र्याचं काहीतरी गोड घेऊन आली, अंगठ्याएवढं. व्याह्यांनी ते बाजूला सारलं, परातीतला एक डिंकाचा लाडू उचलला आणि तिच्या तोंडापाशी धरला.

"माहं मंग खाईन. बाळंतिणीनं आंधी खावं लागते."

आणि आमच्या सुनेने, भरल्या हॉटेलात, बापाच्या हातून तो आख्खा लाडू खाल्ला.