अर्धी कातरलेली सुपारी

शेजारी भांडण सुरू झालं की सभ्य माणूस आपलं दार लोटून घेतो. दिगंबरराव वर्तक दार उघडून पडवीत येऊन बसत. तोंडातून चकार शब्द नाही, मध्यस्थी नाही. नुसते पाहत बसायचे, बाई सुपातले तांदूळ निवडताना पाहते तसे. भांडण मिटलं की उठत आणि म्हणत, "छान झालं." बदलापूरच्या आमच्या त्या लहानशा चाळीत माझं आणि बायकोचं एकही भांडण त्यांच्याविना पार पडलं नाही.

उभी हयात त्यांनी नाटक कंपनीत काढली होती. मिसरूड फुटेपर्यंत नायिका, मग खलनायक, मग मिळेल ते. बोलपट आल्यावरही कंपनी काही वर्षं रखडली आणि शेवटी बुडाली, तेव्हा एक ट्रंक घेऊन ते आमच्या चाळीतल्या आपल्या विधवा बहिणीकडे राहायला आले. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि पलीकडे जुन्या लष्करी कॅम्पातल्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरत होती. "आम्हीही निर्वासितच हो, अप्पा," ते मला म्हणत, "फक्त आमच्यासाठी बराकी बांधायचं कुणाला सुचलं नाही."

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो, पण ते पोटापुरतं. मनाने मी नट. कारखान्याच्या मंडळाचं नाटक दरवर्षी शिवरात्रीच्या जत्रेच्या सुमाराला होई आणि त्यात राजा मी, हे ठरलेलं. आमच्याकडचे प्रेक्षक गाण्याला तर वन्समोर देतच, पण एखादं भाषण रंगलं तर त्यालाही देत. मला मात्र तो कधी मिळाला नव्हता. यंदा मिळेल, यंदा मिळेल, असं करता करता केस पिकायला लागले होते. अशात मंडळाने दिगंबररावांना तालमी घ्यायला बोलावलं आणि माझे ग्रह फिरले.

पहिल्याच तालमीत सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "अप्पा, तुम्ही घरी फार मोठे नट आहात. स्टेजवर पाय ठेवलात की बिघडता."

"म्हणजे काय?"

"परवा वहिनी दुधावरून तुम्हाला बोलल्या. तुम्ही सुपारी अडकित्त्यात अर्धी दाबलीत आणि तशीच धरून बसलात. त्यांच्याकडे पाहत. वहिनी आपोआप गप्प झाल्या. मग कट्ट! प्रधान फितूर झाल्याचं राजाला कळतं ना, तिथे एवढंच करा."

"राजा सुपारी कातरतो होय?"

"का? त्याला दात नसतात?"

सगळे खो खो हसले. अर्थात मी तसलं काही केलं नाही. प्रयोगात छाती पिटून, आवाज खणखणीत लावून भाषण केलं. टाळ्या पडल्या, वन्समोर नाही. दिगंबररावांकडे एका म्हाताऱ्या शिपायाचं काम होतं, वाक्य एकच: "महाराज, घोडा गेला." ते असे काही म्हणाले की मागच्या रांगेतून आरोळी आली. घोड्याच्या मरणाला वन्समोर! माझा घोडा, माझं राज्य आणि वन्समोर शिपायाला. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पुढे एकदोन वर्षांतली गोष्ट. आमची कुसुम कॅम्पातल्या एका शाळेत शिकवायला जात असे. एका रविवारी सकाळी मी पडवीत सुपारी कातरत बसलो असताना ती समोर येऊन उभी राहिली. "अप्पा, मी हरीशशी लग्न करणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी." हरीश म्हणजे कॅम्पातल्या लालचंद कापडवाल्याचा मुलगा. माझा अडकित्ता अर्ध्यावर थांबला. पोरीची नजर खाली गेली नाही. मी किती वेळ तसा बसलो, देव जाणे. शेवटी सुपारी तुटली आणि मी म्हणालो, "मुलाला पुढच्या रविवारी जेवायला बोलाव." दिगंबरराव पलीकडेच बसले होते. त्या दिवशी ते "छान झालं" म्हणाले नाहीत, मान खाली घालून आत गेले. मला वाटलं, माणसाला थोडी तरी चाड आहे.

मग त्यांना सिनेमात कामं मिळायला लागली. पहिल्याच हिंदी चित्रात ते नायिकेचे वडील होते. आम्ही सहकुटुंब पाहायला गेलो. पडद्यावर मुलगी म्हणते, मी त्याच्याशीच लग्न करणार. बापाच्या हातात अडकित्ता. सुपारी अर्धी दाबलेली. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं. मग कट्ट, आणि मग, "लडके को इतवार को खाने पे बुला ले." थिएटरभर हुंदके. माझी बायकोही पदर डोळ्यांना लावून रडत होती. खऱ्या प्रसंगाला ती स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती!

घरी येऊन मी त्यांना गाठलं. "दिगंबरराव, ते माझं होतं."

"तुमचंच," ते शांतपणे म्हणाले. "नटाजवळ स्वतःचं काय असतं, अप्पा? सगळं उचललेलं. ते आधी तुम्हालाच देत होतो. तुम्ही घेतलं नाहीत."

मी आपल्या खोलीत परत आलो. पण आतून जळत राहिलो, ते आजही थोडा जळतोच. कारण पुढे भलतंच झालं. सुपारी माझी, हात माझा, आणि लोक म्हणत मी त्यांची नक्कल करतो. दूधवाली सखू म्हणाली, "अप्पा, तुमी त्या शिनेमातल्या म्हाताऱ्यावानी करताव." कुसुमच्या सासरी गेलो तर व्याही लालचंद खूश होऊन म्हणाले, "अरे साईं, दिगंबर की नकल तो आप एकदम पक्की करते हो!" मी चहा अर्धा टाकून उठलो.

दिगंबरराव दम्याने गेले. अंबरनाथला मंडळाने शोकसभा घेतली. हार घातलेल्या फोटोतही महाराज अडकित्ता धरूनच बसलेले! शेजारी म्हणून मला बोलायला उभं केलं. त्यांच्या खोड्या सांगून जरा उट्टं काढावं, असं ठरवून आलो होतो. पण फोटोकडे पाहिलं आणि मनात आलं, आता आपल्या घरात भांडण झालं तर पडवीत येऊन बसणार कोण? हात सवयीने खिशाकडे गेला. अडकित्ता निघाला, सुपारी अर्धी दाबली गेली आणि तशीच राहिली. सभा चिडीचूप. मग कट्ट.

"हुबेहूब दिगंबरराव!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांतून, शोकसभा आहे हे विसरून, एक कामगार उभा राहून ओरडला, "वन्समोर!"

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढच्या रांगेतली कुसुम ताडकन उठली. "अहो, ते आमच्या अप्पांचंच आहे..." मी तिला हाताने खाली बस म्हणून खुणावलं आणि खिशातून दुसरी सुपारी काढली.