माझे साडू आणि न आलेला निकाल

'नाही' आणि 'माहीत नाही' यांतला फरक अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकाच माणसाला कळतो, आणि तो माझा थोरला साडू आहे. दारव्ह्यात जुन्या सी भाषेतले प्रोग्राम सांभाळून ते निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. त्यांच्याकडे पाहुण्याला नुसतं "भूक नाही" म्हणायची सोय नाही. "नाही, का पोटाले अजून इचारलंच नाही?" घरातल्या डब्यांवर 'उघडून पाहिला नाही' अशा चिठ्ठ्या असतात. पोळपाट डुगडुगू नये म्हणून माझी मेहुणी त्याच घड्या करून खाली सरकवते.

मी मात्र स्वतःला फार मोठा प्रोग्रामर समजतो. वस्तीतल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाच्या तपासणी शिबिराची यादी मीच हौसेनं अंगावर घेतली. सगळ्यांची नावं एकीकडे, निकाल दुसरीकडे, मध्ये आउटर जॉइन. म्हणजे तपासणी न झालेल्याचंही नाव गळत नाही, निकालाच्या जागी नल, म्हणजे 'माहीत नाही', येतो. साडू म्हणाले, "भाऊ, निकालाच्या बाजूले इंडिकेटर, म्हंजे खुणेचा आकडा, ठेव. नल आला का तो उणे एक दाखवते."

"एवढ्याशा यादीला कशाला?" मी म्हणालो. डेटाबेसनं प्रत्येक नलपाशी तक्रार केली असणार, पण ती वाचणारी ओळच मी लिहिली नव्हती.

निकालाच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दारात. त्यांच्या चिठ्ठीवर 'दोष नाही'.

"चांगलंच आहे की!"

"चांगलं कायचं? सुईच्या भेवानं मी तं रक्त देल्लंच नाही. मंग हा निकाल कोनाचा?"

तो यादीत त्यांच्या वरच्या माणसाचा होता. नल आला की माझ्या प्रोग्राममध्ये आधीचाच निकाल ठाण मांडून बसत होता. अशा सात चिठ्ठ्या निघाल्या. साडूंच्या स्कूटरवर मागे बसून मी घरोघर माफी मागत हिंडलो. शेवटच्या घरात मुलीचं लग्न जुळत होतं, तिची 'दोष नाही'ची चिठ्ठी मुलाकडच्यांना दाखवायला काढून ठेवलेली.

"मंग मले दोष आहे का नाही, काका?" तिनं साडूंना विचारलं.

"आज तं सांगता येत नाही, बाई. चाल, मीबी येतो रक्त द्यायले."

सुई टोचताना साडूंनी माझा हात असा आवळला की बोटं दोन दिवस दुखत होती. त्यांचा निकाल चांगला आला. मुलगी वाहक निघाली. मग मुलालाही तपासलं, तोही वाहक. दोघंही दोष वाहणारे, म्हणजे होणाऱ्या मुलांना आजार व्हायची भीती. लग्न मोडलं. तिच्या वडिलांनी आम्हाला तरीही चहा पाजला.

त्या मुलीचं नाव मला आता पाठ आहे. यादी केली तेव्हा मी ते वाचलंही नव्हतं.