हे तर तेव्हा धुळ्यात होते...

भूत, चकवा, करणी — यातलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. लहानपणापासूनच अशी. अमळनेरला आमच्या आळीतल्या एका चिंचेखालून दिवेलागणीनंतर कोणी जात नसे. मी मुद्दाम तिथल्याच चिंचा पाडून खायचे. त्यात लग्न झालं तेही असल्या गोष्टींना हसणाऱ्या माणसाशी. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही.

आमचे हे भूशास्त्रज्ञ. म्हणजे काय, ते माझ्या माहेरी कोणालाच कळलं नव्हतं. "मुलगा दगड बघतो," एवढंच कळलं, आणि "मग त्याला पगार कोण देतं?" असं आमच्या आबांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. जळगावकडच्या केळी-कापसाच्या घरातला हा मुलगा, घराण्यातून पहिल्यांदाच मुंबईला कॉलेजात गेलेला. कोळशाच्या खाणीतली मोठी नोकरी चालून आली होती, ती सोडून खानदेशात परतला. कारण काय, तर इथल्या जमिनीखाली पाणी कुठल्या वाटेने जातं ते कोणी नीट पाहिलेलंच नाही! दगड कुठे तडकला, कुठे कलला, कुठे सरकला हे बघण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं.

धुळ्याहून साक्रीकडे जाताना काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. राक्षसांनी बांधल्या, असं लोक सांगायचे. हे म्हणायचे, "अगं, अंगणाला भेग पडली की तू शेणकाला भरतेस ना? तसंच. जमीन तडकली, खालून तापलेला रस वर आला आणि भेगेतच थिजला. भोवतीची जमीन झिजून गेली, तो उरला." मला चटकन समजलं. इतकं सोपं करून सांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यांची एक शिस्त होती. कंपास काढला की सगळ्यांनी लोखंड लांब ठेवायचं. गड्याचा विळा, स्वतःचा हातोडा, माझ्या कमरेच्या किल्ल्यासुद्धा! लोखंडाने सुई भरकटते ना. किल्ल्या काढताना मी कुरकुरायचे, आणि मनातून मला त्या काटेकोरपणाचं कौतुकही वाटायचं.

तर, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. साक्रीच्या वाटेवरच्या एका गावात विहीर खणणं चालू होतं. जागा ह्यांनीच दाखवून दिलेली. गावाजवळ अशीच एक काळी भिंत होती, आणि तिच्या वरच्या अंगाला पाणी अडलेलं असणार, असा ह्यांचा हिशोब. पलीकडच्या टेकाडावर एक मोठी भेग दिसत होती. तिची दिशा ह्यांनी कंपासने मोजली आणि ती विहिरीपासून दूर जाते, विहिरीच्या भिंतींना धोका नाही, असं सांगितलं. गावाने विश्वास ठेवला. आमचा तंबू विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, निंबाखाली होता.

त्या दिवशी हे पहाटेच सायकलने धुळ्याला ऑफिसात गेले होते, संध्याकाळी परतणार होते. दुपारी मी तंबूबाहेर चुलीपाशी कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापत होते. तेवढ्यात अगदी जवळून हाक आली — "सरू!"

मी दचकले. सरू हे माझं माहेरचं नाव. ह्यांनी मला जन्मात कधी नावाने हाक मारलेली नव्हती. तेव्हा नवरे मारत नसत. वर पाहिलं तर हे उभे. घामाघूम, बोडक्या डोक्याने. बाहेर पडताना हॅट न विसरणारा हा माणूस!

"विहिरीतली माणसं वर काढ. भेग पूर्वेच्या भिंतीमागूनच जातेय. आत्ताच्या आत्ता!"

एवढं बोलून ते तंबूच्या मागे गेले. मी पिठाच्या हातांनीच धावत सुटले.

सगळ्यांनी वर यावं म्हणून काठावरून ओरडले, "बठ्ठा वर या! भिंत पडी ऱ्हायनी!"

खालून आवाज आला, "अक्का, सुरुंगना बार भरी ऱ्हायनूत. मंग येतस."

"मंग नही, आते! साहेबनी सांगेल शे!"

साहेबांचं नाव काढताच ते चढायला लागले. शेवटचा माणूस वर आला, आम्ही निंबाकडे वळलो, आणि मागे घरघर ऐकू आली. पूर्वेची भिंत खाली बसली होती. विहीर अर्धीअधिक दगडांनी भरली.

मी तंबूमागे गेले. तिथे कोणी नव्हतं. सायकल नव्हती. मोकळं माळरान, लपायला झुडूपही नाही... आणि गड्यांपैकी कोणीही साहेबांना आलेलं पाहिलं नव्हतं.

ते आले उन्हं कलताना. सायकल वाटेतच टाकून तडक विहिरीकडे धावले, आत पाहिलं आणि काठावर मटकन बसले. मी हाक मारली तरी त्यांना ऐकू येईना. गडी निंबाखालून उठून आले, तेव्हा हे एकेकाच्या खांद्याला हात लावून बघत राहिले. डोक्यावर हॅट नव्हती. घाईत ऑफिसच्या खुंटीवरच राहिली होती.

घडलं होतं असं. ऑफिसात नकाशा मांडल्यावर आसपासच्या सगळ्या भेगा एका दिशेने जाताना दिसल्या, ही एकच वेगळी. मग ह्यांच्या लक्षात आलं, की मोजताना आपण त्या काळ्या भिंतीवरच उभे होतो. त्या दगडातच लोखंडाचा अंश! सगळ्यांचं लोखंड लांब ठेवायला लावलं आणि पायाखालचं विसरलो. तसेच उठून निघाले. भिंत बसली तेव्हा ते अर्ध्या वाटेवर होते.

"मग मला निरोप कोणी दिला?" मी विचारलं.

ते हळूच म्हणाले, "रस्ताभर मी तुला हाका मारत होतो. नावाने. दुसरं काय करणार होतो मी?"

सकाळी त्यांनी गाव गोळा केलं आणि सांगितलं, "चूक माझी. माणसं वाचली ती हिच्यामुळे." साहेबाने पंचांसमोर चूक कबूल केलेली त्या गावाने आधी पाहिली नसावी. म्हातारे नाना पाटील म्हणाले, "मानसं वाचनात, साहेब. आते नवी जागा दखाडा." नव्या विहिरीत पाणी लागेपर्यंत हे रोज गड्यांबरोबर तळाशी उतरायचे. पाणी लागलं, भरपूर लागलं. त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी सगळ्यांदेखत रडले.

पुढे मी कितीदा तरी खोदून विचारलं. प्रत्येक दगडाचं कारण सांगणारा हा माणूस एवढंच म्हणायचा, "शोधलं मी. नाही सापडलं. नाही सापडलं तर तसं सांगावं." भास होता, असं म्हणून त्यांना सुटता आलं असतं. पण भेग कुठून जाते हे मला कसं कळलं, या प्रश्नाशी ते प्रामाणिकपणे अडायचे.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही दुपारी भाकरी थापताना माझा हात मधेच थांबतो. मी कान देते. जिवंत असताना धुळ्याच्या रस्त्यावरून माझ्या चुलीपाशी येऊन उभा राहिलेला माणूस, गेल्यानंतर एकदाही आलेला नाही. आणि त्याचंही कारण मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.