डाव्या पिळाचे सूत

१९८१ च्या उन्हाळ्यात वाटूरच्या राधाकिसन विणकराने साखराबाईच्या लोकरी सुताची चार भेंडोळी परत पाठवली. साखराबाईला ते लागले. कातण्यात तिचा हात गावात नावाजलेला होता. भेंडोळी पदरात घेऊन ती स्वतःच त्याच्या मागापाशी गेली.

"काय खोट निघाली, भाऊ?"

"खोट न्हाई, पीळ उलटा हाय. कोण्या डावरीनं काढलंय हे. एका घोंगडीत दोन पीळ घातले, तर उन्हात पट्टा बराबर वेगळा दिसतो."

"आमच्या घरात मी एकलीच कातते."

"मंग तुलाच इचार की!" राधाकिसन हसला.

हसण्यावारी नेले तरी त्याचे म्हणणे चूक नव्हते. चाती, म्हणजे सूत कातायची टकळी, मांडीवर उजव्या हाताने फिरवली की धाग्याला एका अंगाने पीळ बसतो, डाव्या हाताने फिरवली की उलट अंगाने. साखराबाई उजव्या हाताने कातत असे. डाव्याने तिला साधे कालवणही धड वाढता येत नसे. घरी येऊन तिने ते सूत बोटांवर उलगडून पाहिले. बारीक होते, एकसारखे होते, आणि ते तिने काढलेले नव्हते. एवढे तिला पक्के ठाऊक होते.

आणखीही एक गोष्ट तिला ठाऊक होती. तिच्या दिवसांना भोके होती. दुपारी चाती हातात घ्यावी, आणि त्यापुढचे आठवावे ते एकदम दिवेलागणीचे. लहानपणापासून हे असेच असल्याने सगळ्या माणसांचे दिवस असेच असतात, अशी तिची कितीतरी वर्षे समजूत होती. ती समजूत मोडली कडूबाईने. कडूबाई शेजारीण, चार वर्षांनी मोठी; रोज दुपारी ओसरीवर तिच्यासमोर बसून कातणारी.

"तवा तुझा आवाजच बदलतो, साखरे. जल्दी जल्दी बोलतीस. मला म्हनतीस, ए कडे! एरवी कडूबाई म्हनतीस ना?"

"आन् हातानं काय करते मी?"

"हाताकडं कोण बघतंय? अंगात आलेल्या बाईच्या पायाकडं बघत्यात."

गावाचा निवाडा तोच झाला. दर मंगळवारी साखराबाईपुढे नारळ येऊ लागले, बायका ओटी भरू लागल्या. पहिला नारळ कडूबाईनेच ठेवला होता. साखराबाई एकदा तिला म्हणाली, "देवी असंल, तर ती लोकर कशाला कातत बसंल, कडूबाई?" कडूबाईने दोन्ही कानांना हात लावले. प्रश्न तिथेच राहिला.

पुढची सतरा वर्षे गंडे झाले, ताईत झाले, फेफऱ्याच्या गोळ्या झाल्या. नवरा आबाराव मेंढ्यांमागे रानोरान फिरता फिरता वारला. भोके बुजली नाहीत. १९९८ मध्ये बदनापूरला दिलेली लेक पुष्पा तिला जालन्याच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. तिसऱ्या भेटीत त्या बाईंनी, आजवर कोणी विचारला नव्हता, असा प्रश्न विचारला.

"तुम्हीच केलेली, पण केल्याचं आठवत नाही, अशी एखादी वस्तू घरात सापडते का हो?"

"सापडती की," साखराबाई म्हणाली. पुढच्या खेपेला तिने पिशवीतून ती चार भेंडोळी काढून टेबलावर ठेवली. इतकी वर्षे तिने ती जपून ठेवली होती. का, ते तिलाही सांगता आले नसते.

मग हळूहळू बोलणे झाले. साखराबाई जन्माने डावरी होती. आईबाप आठ-आठ महिने मेंढरे घेऊन परमुलखात जात आणि पोरीला भोकरदनकडे चुलतीपाशी ठेवत. डाव्या हाताने घास घेतलेला चुलतीला खपत नसे. ती पोरीचा डावा हात पाठीशी बांधी आणि तिला बळदात, घरातल्या अंधाऱ्या धान्यकोठीत, कोंडी. कधी दिवसभर, कधी दोन-दोन दिवस. पाचव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत. हात बांधल्याचे साखराबाईला आठवत होते. बळदाच्या आतले काहीच आठवत नव्हते.

"ते दुसऱ्या कोणाला तरी आठवत असेल," डॉक्टरीणबाई जपून म्हणाल्या. "लेकराला सोसवेना, तेव्हा मनाचा एक भाग वेगळा होऊन ते सोसतो आणि पुढं वेगळाच राहतो. या आजाराला नाव आहे. ही देवी नाही, आणि सोंगही नाही."

"मंग ती हाय? खरी?"

"तुमचाच भाग आहे, इतकी खरी."

साखराबाईला भीती वाटली नाही. कुतूहल वाटले. परतीच्या एसटीत ती सारखी आपला डावा तळवा उलटा-सुलटा करून पाहत होती.

हे सारे तिने आधी कडूबाईला सांगितले. न सांगता चालण्यासारखे नव्हते. त्या हरवलेल्या दुपारांची कडूबाई हीच एक साक्षीदार होती. तिचा विश्वास गेला, तर निम्मे आयुष्य कोणी पाहिलेच नाही, असे होणार होते.

"रोग?" कडूबाईच्या हातातली चाती थांबली. "सतरा वर्सं मी तुझ्या पाया पडले, साखरे. पोरीच्या लग्नाचा कौल तुला लावला. आता म्हनतीस, देवी न्हवती. मंग मी कोणाच्या पाया पडले?"

"मला तरी कुठं ठाव होतं?"

"शहरात जाऊन शिकून आली सगळं. बरं, काढ डाव्या हातानं सूत. काढ माझ्यापुढं!"

साखराबाईने चाती डाव्या हातात घेतली. ती मांडीवरून घसरली. धागा तुटला, पुन्हा तुटला.

"बघ! बिलकुल येत न्हाई." कडूबाई उठली आणि रागाच्या भरात आपली चाती तिथेच विसरून गेली.

देवीपुढे वाकणे या समाजाला अवघड नाही. तिथे वाकणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही. हात बांधून कोंडलेल्या पोरीवर विश्वास ठेवायचा, तर कोंडणाऱ्या घरांबद्दलही काही मानावे लागते. कडूबाईने आपल्या नातवाचा डावा हात कितीदा चापटीने खाली केला होता.

महिना गेला. साखराबाई ओसरीवर एकटी कातत बसे आणि भोक पडून गेले की उगाच समोरच्या रिकाम्या जागेकडे पाही.

एका दुपारी ती अशीच भानावर आली. चाती तिच्या डाव्या हातात होती. समोर कडूबाई बसली होती. तिच्या मांडीवर लोकरी सुताचा ताजा गुंडा, आणि शेजारी साय धरलेला चहाचा पेला.

"कवा आलीस, कडूबाई?"

"माझी चाती न्यायला आल्ते." कडूबाई तिच्याकडे टक लावून पाहत होती. "ती कातून राह्यली होती. मंग बसले. हातच बघत बसले."

"काय म्हनली?"

"म्हनली, ए कडे, तुझा पीळ ढिला पडतो."

साखराबाईला हसू आले. कडूबाई हसली नाही.

"तुझ्या डॉक्टरचं मला अजून पटलं न्हाई. सांगून ठेवते. पर हे सूत तू काढलेलं न्हाई." तिने गुंडा पुढे केला. "तुझ्या सुतात मिसळू नको. येगळं ठिव. राधाकिसनाला म्हनावं, हिच्या सुताची येगळी घोंगडी ईण."

साखराबाईने एक धागा उलगडून बोटांवर ताणला, उन्हात धरला, दोन्ही अंगांनी पाहिला.

"माझ्यापेक्षा बारीक काढती," ती म्हणाली.

"ते तर हायेच," कडूबाई म्हणाली आणि आपली चाती मांडीवर टेकवून समोर कातू लागली.