छातीचं माप

माझ्या छातीच्या मधोमध खळगा आहे. लहानपणी आई अंघोळीआधी त्यात तेल ओतायची आणि म्हणायची, "माझ्या लेकाला देवानं वाटी देऊनच धाडलंय." सगळं घर हसायचं, मीही हसायचो. माझे वडील, आबा, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. ते तेवढे हसायचे नाहीत.

आमच्या इस्लामपूरच्या बाजूला पोरगं चालायला लागलं की घरात भरतीची भाषा सुरू होते. आबा दर रविवारी मला अंगणात उघडा उभा करून छाती मोजायचे. "श्वास घे. फुगीव. रोख." टेप खळग्यावरून सरळ ताणली जायची, आत काही डोकावायची नाही. माप भरायचं. "बसला गड्या मापात," आबा म्हणायचे. त्या एका वाक्यासाठी मी उसाच्या बांधानं जीव तोडून पळायचो. धाप मात्र मला बाकीच्या पोरांच्या आधी लागायची. "आळस हाय तुझ्यात, दुसरं काय न्हाई," हे आबांचं निदान. मी ते खरं मानलं.

साताऱ्याच्या भरतीत कसाबसा पळालो, टेपेतही बसलो. मग तपासणीच्या डॉक्टरांनी खळग्यात दोन बोटं ठेवली आणि नकाराची मान हलवली. आबा गेटबाहेर उभे होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. मला वाटलं, माझ्याइतकेच तेही मोडून पडलेत. खळग्याचा धापेशी संबंध मला कुणी सांगितला नाही. पुढं कारखान्यात चिकटलो, संसार थाटला, आणि आपण मुळात आळशी ही समजूत उराशी धरून जगलो.

यंदा जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. आबा हट्टानं बरोबर आले. डॉक्टर म्हणाले, "श्वास घेताना छातीचा पिंजरा उघडावा लागतो. तुमचं मधलं हाड आत वळलंय, ते काळजाला रेटतंय. दमाला जागाच नाही. लहानपणी बरगड्या लवचिक असतात, तेव्हा खाली धातूची पट्टी घालून हाड उचलणं सोपं जातं. आताही करू, पण आता अवघड आहे. तेव्हा कुणाला दाखवलं नव्हतं?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आबा बोलले, "दाखवलं हुतं. फौजी दवाखान्यात. आपरेशन करा म्हनले हुते."

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "मग का न्हाई केलं, आबा?"

"छातीवर चिरा पडला आसता. कापल्याली छाती भरतीत घेत न्हाईत."

"आनि मला आळशी म्हनत हुता, ते?"

आबा आपल्या चपलांकडं बघत म्हणाले, "तुला कळलं आसतं, तर तू पळालाच नसतास."

परक्यानं फसवलं तर निदान त्याला शिव्या घालता येतात. इथं बापानंच केसानं गळा कापला होता, तोही माझं भलं करायला निघून. मला रडू आलं नाही, लय राग आला. आईलाही ठाऊक होतं, हे त्यांनी बसमध्ये सांगितलं. तेलाची ती वाटी तेव्हापासून आठवली की अंगावर काटा येतो.

ऑपरेशन ठरलं आहे. तोवर दम वाढावा म्हणून डॉक्टरांनी तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलंय. नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. पहिल्याच संध्याकाळी ते घेऊन ओट्यावर बसलो, तर आबा खुर्ची ओढून समोर आले. सवयीनंच म्हणाले, "श्वास घे. रोख."

मी नळी तोंडातून काढली. "आबा, तुमी आत जावा."

ते उठून आत गेले. मग मी श्वास ओढला. थोड्या वेळानं दाराआडून त्यांनी विचारलं, "किती चढल्या रं?"

मी ऐकलं, पण सांगितलं नाही.